विमानास विलंब आणि प्रवाशाचे हक्क : एक अभ्यास

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे आपले लहानसे विमान मुंबईत जुहू येथे उतरविले. त्यानंतरची अनेक दशके विमानप्रवास ही मूठभर श्रीमंतांची व वरिष्ठ अधिकाऱ्यांचीच मिरास राहिली. आज ती स्थिती उरलेली नाही. महाराष्ट्रात शिर्डी येथील विमानतळ २०१७ मध्ये, सिंधुदुर्गातील चिपी येथील २०२१ मध्ये आणि अमरावती येथील २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. लहान शहरांतील शिक्षक, व्यापारी, रुग्ण, विद्यार्थी व नोकरीसाठी आखाती देशांत जाणारे कारागीर हे सारे आता विमानाचे प्रवासी आहेत.

वाहन जेव्हा सर्वांचे होते, तेव्हा त्याविषयीचे कायदेही सर्वांना ठाऊक असणे अगत्याचे ठरते. एस. टी. अथवा रेल्वे उशिरा आली तर काय करावे, याची काहीशी कल्पना आपल्या प्रवाशास अनुभवाने आलेली असते. विमानाच्या बाबतीत मात्र अनभिज्ञता मोठी आहे. विमान उशिरा सुटले की कंपनी पैसे देते, असा एका बाजूस समज. तर विमान कंपनीपुढे सामान्य माणसाचे काही चालत नाही, असा दुसऱ्या बाजूस ग्रह. हे दोन्ही समज चुकीचे असून, त्यांपायी प्रवासी आपला खरा हक्क गमावून बसतो. तो हक्क नेमका कोणता, तो कशाने सिद्ध होतो व त्यासाठी कोठे दाद मागावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मीरा-भाईंदरचा प्रवासी

ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकास वसलेले मीरा-भाईंदर हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सोयीचे उदाहरण आहे. एकेकाळी शेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या या परिसरातील ग्रामपंचायती एकत्र येऊन १९८५ मध्ये येथे नगरपरिषद स्थापन झाली व २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर होती. नोकरीनिमित्त आप्त दूरदेशी गेलेली कुटुंबेही येथे आहेत.

या शहराला स्वतःचा विमानतळ नाही. येथील प्रवाशास दहिसरचा नाका ओलांडून पश्चिम द्रुतगती महामार्गाने मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ गाठावे लागते. पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्रीच घर सोडावे लागते. सोबत मुले, वृद्ध व सामान असते. अशा वेळी विमानास सहा तास विलंब असल्याचे विमानतळावर पोहोचल्यानंतर कळले, तर घरी परतणे शक्य नसते व तेथेच थांबणेही सुसह्य नसते. आखातात रुजू होण्यासाठी निघालेल्या कामगाराची तर कामावर हजर होण्याची तारीखच हुकण्याची भीती असते. म्हणूनच या विषयाची माहिती ही चैनीच्या प्रवासाची नव्हे, तर पोटापाण्याच्या व्यवहाराची बाब समजली पाहिजे.

सोय आणि भरपाई यांतील भेद

भारत सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात प्रवेश नाकारणे, उड्डाण रद्द होणे व उड्डाणास विलंब होणे या तीन प्रसंगी प्रवाशांना द्यावयाच्या सुविधांबाबत २०१० मध्ये स्वतंत्र नियम घालून दिले. १५ ऑगस्ट २०१० पासून ते अमलात आले व पुढे त्यांत वेळोवेळी सुधारणा करण्यात आल्या. या नियमांचा अभ्यास करताना एक भेद आरंभीच मनात पक्का करावा लागतो. तो भेद म्हणजे सोय आणि भरपाई यांतील होय.

सोय म्हणजे थांबून राहिलेल्या प्रवाशास द्यावयाचे अन्नपाणी, निवास, पर्यायी विमान वा तिकिटाच्या रकमेचा परतावा. भरपाई म्हणजे झालेल्या त्रासाबद्दल त्यावर द्यावयाची रोख रक्कम. उपरोक्त नियमांनुसार केवळ विलंब झाला, एवढ्यावरून ठराविक रोख भरपाई मिळत नाही. विलंबाच्या प्रसंगी नियम सोय देतात; रोख भरपाई ते रद्द उड्डाण व नाकारलेला प्रवेश या प्रसंगी देतात. मात्र विलंबात देय असलेली सोय कंपनीने दिली नाही, अथवा विलंबाचे समाधानकारक कारण तिला दाखविता आले नाही, तर ती सेवेतील त्रुटी ठरते आणि त्रुटीबद्दल ग्राहक आयोग रोख भरपाई देऊ शकतो. या एका वाक्यात या विषयाचे सारे मर्म सामावले आहे.

विलंब झाल्यास

विमान उशिरा सुटणार असेल, तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशास भोजन व अल्पोपाहार देणे कंपनीवर बंधनकारक आहे. हे बंधन केव्हा लागू होते, ते प्रवासाच्या लांबीवर अवलंबून असते. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासासाठी २ तास वा अधिक विलंब झाल्यास, अडीच ते पाच तासांच्या प्रवासासाठी ३ तास वा अधिक विलंब झाल्यास आणि त्याहून लांबच्या प्रवासासाठी ४ तास वा अधिक विलंब झाल्यास हा हक्क उत्पन्न होतो. मुंबई-नागपूर, मुंबई-दिल्ली यांसारखे देशांतर्गत प्रवास बहुधा पहिल्या गटात मोडतात.

देशांतर्गत विमानास ६ तासांपेक्षा अधिक विलंब अपेक्षित असेल, तर नवीन वेळ मूळ वेळेच्या २४ तासांपूर्वी प्रवाशास कळविली पाहिजे आणि सहा तासांच्या आत सुटणारे पर्यायी विमान अथवा तिकिटाचा संपूर्ण परतावा, यांपैकी जे हवे ते निवडण्याची मुभा त्यास दिली पाहिजे. विलंब २४ तासांपेक्षा अधिक असेल, अथवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळात सुटणाऱ्या विमानास ६ तासांपेक्षा अधिक विलंब होत असेल, तर हॉटेलमधील विनामूल्य निवास व तेथवर नेण्या-आणण्याची व्यवस्था यांचीही तरतूद आहे. रात्रीच्या विमानासाठी ही वेगळी मर्यादा ठेवण्यामागील हेतू उघड आहे. दिवसा सहा तास बाकावर काढता येतात. मध्यरात्री लेकरांसह ते काढणे ही निराळी गोष्ट होय.

येथे एक सूचना आवश्यक आहे. सोयीचा हक्क वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाचा आहे. विमान उशिरा असल्याची ऐकीव बातमी समजली म्हणून घरीच थांबलेल्या प्रवाशास तो सांगता येत नाही. कंपनीने लेखी संदेशाने नवी वेळ कळविली असेल तरच त्या वेळेप्रमाणे निघावे व तो संदेश जपून ठेवावा.

उड्डाण रद्द झाल्यास

उड्डाण रद्द करावयाचे असेल, तर कंपनीने प्रवाशास किमान दोन आठवडे आधी कळवावे आणि पर्यायी विमान अथवा परतावा द्यावा, असा नियम आहे. दोन आठवड्यांपेक्षा कमी परंतु २४ तासांपर्यंत आधी कळविले असेल, तर मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत सुटणारे पर्यायी विमान अथवा परतावा, यांपैकी प्रवाशास मान्य असेल ते द्यावे लागते. याप्रमाणे कळविले नसेल, तर मात्र पर्यायी विमान वा परतावा यांच्याखेरीज रोख भरपाईही देय होते.

या भरपाईचे तीन टप्पे आहेत. एक तासापर्यंतच्या प्रवासासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासासाठी ७,५०० रुपये व दोन तासांपेक्षा अधिक प्रवासासाठी १०,००० रुपये. अथवा एकेरी प्रवासाचे मूळ भाडे अधिक इंधन आकार. यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. ‘जी रक्कम कमी असेल ती’ या शब्दांकडे प्रवाशांचे दुर्लक्ष होते व त्यामुळे त्यांची अपेक्षा अवास्तव वाढते.

उदाहरणार्थ, भाईंदर येथील एक शिक्षक मुंबईहून नागपूरला निघाले आहेत, असे समजू. प्रवास दीड तासाचा व तिकिटावरील मूळ भाडे अधिक इंधन आकार ४,२०० रुपये आहे. विमान ऐनवेळी रद्द झाले व कंपनीने आधी काहीच कळविले नव्हते, तर त्यांस ७,५०० नव्हे, तर ४,२०० रुपये भरपाई मिळेल. परतावा अथवा पर्यायी विमान हे त्याहून वेगळे. विमानतळावर पोहोचल्यानंतर पर्यायी विमानाची वाट पाहावी लागली, तर त्या काळातील अन्नपाणीही कंपनीनेच द्यावयाचे आहे.

या तरतुदीस जोडलेली एक अट अनेकांस नडते. प्रवाशाने संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल, तर त्यास ही भरपाई मिळत नाही. आपल्याकडे पुष्कळ तिकिटे एजंटामार्फत काढली जातात व तिकिटावर एजंटाचाच मोबाइल क्रमांक नोंदला जातो. कंपनीचा संदेश एजंटाकडे जातो, प्रवासी अंधारात राहतो आणि ‘आम्ही कळविले होते’ असे कंपनीस म्हणता येते. यास्तव तिकीट कोणीही काढले तरी त्यावर आपलाच क्रमांक नोंदविण्याचा आग्रह धरावा. ही साधी गोष्ट पुढे हजारो रुपयांची ठरू शकते.

प्रवेश नाकारल्यास

काही वेळा कंपन्या आसनांपेक्षा अधिक तिकिटे विकतात आणि मग वेळेवर हजर झालेल्या प्रवाशासही जागा मिळत नाही. अशा वेळी कंपनीने प्रथम स्वखुशीने जागा सोडणारे प्रवासी शोधावेत, असे नियम सांगतात. तसे न मिळाल्यामुळे एखाद्यास प्रवेश नाकारला व मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात त्याची सोय केली, तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत सोय केल्यास मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, परंतु १०,००० रुपयांपर्यंत. आणि त्यानंतर सोय केल्यास चौपट, परंतु २०,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. प्रवाशाने पर्यायी विमान नाकारले, तर तिकिटाचा संपूर्ण परतावा व चौपटीची भरपाई याच २०,००० रुपयांच्या मर्यादेत देय होते. वरील शिक्षकांच्या उदाहरणात ही भरपाई अनुक्रमे ८,४०० व १६,८०० रुपये होईल.

अपवादात्मक परिस्थिती आणि तिची मर्यादा

कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांसाठी तिला रोख भरपाईतून सूट आहे. राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, यादवी, दंगल, पूर, स्फोट, शासकीय आदेश व संप ही कारणे त्यांत येतात. तसेच हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण व सुरक्षेचा धोका यांमुळे झालेला विलंब वा रद्दबातल उड्डाणही येते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईचा विमानतळच बंद करावा लागला होता. अशा प्रसंगी कंपनीस दोष देणे न्याय्य होणार नाही.

परंतु प्रत्येक अडचण ही आपत्ती नव्हे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो कंपनीची उड्डाणे देशभर कोलमडली. ५ डिसेंबर या एका दिवसात एक हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांविषयीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला होता व त्यास पुरेल असे मनुष्यबळाचे नियोजन झाले नव्हते. हे धुके नव्हते की पूर नव्हता. केंद्र शासनाने परताव्यासाठी ७ डिसेंबरच्या रात्रीची मुदत घालून दिली. पुढे कंपनीने अतिशय त्रास झालेल्या प्रवाशांना १०,००० रुपयांची प्रवास-कूपने जाहीर केली आणि ती नियमांनुसार देय असलेल्या ५,००० ते १०,००० रुपयांच्या भरपाईव्यतिरिक्त असतील, असे स्पष्ट केले. कूपन स्वीकारणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. कंपनीने सद्भावनेने दिलेली वस्तू व कायद्याने देणे असलेली रक्कम या दोन भिन्न गोष्टी होत. एक घेतल्याने दुसरी आपोआप फिटत नाही. मात्र ‘सर्व दावे पूर्णतः मिटले’ अशा मजकुरावर सही अथवा संमती देण्यापूर्वी तो वाचून पाहावा.

न्यायनिर्णयांतून मिळणारा बोध

सर्वोच्च न्यायालयाने ४ जुलै २०११ रोजी दिलेला एक निर्णय या विषयात मार्गदर्शक मानला जातो. डिसेंबर २००७ मध्ये दाट धुक्यामुळे दिल्ली-हैदराबाद विमानास फार मोठा विलंब झाला व एका प्रवाशास सुमारे ११ तास विमानातच बसून राहावे लागले. हैदराबाद येथील स्थायी लोकअदालतीने त्यास १०,००० रुपये भरपाई व २,००० रुपये खर्च देवविला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण धुक्याचा विलंब ही कंपनीची त्रुटी नव्हती आणि प्रवाशांच्या किमान गरजांकडे तिने दुर्लक्ष केल्याचे दिसून आले नाही.

प्रवासी हरला, म्हणून हा निर्णय प्रवाशांच्या विरुद्ध गेला असे मानणे मात्र घाईचे होईल. याच निर्णयात न्यायालयाने असे स्पष्ट केले की, विलंबाचे कारण काहीही असो, विमानात अडकून पडलेल्या प्रवाशांचे अन्न, पाणी, स्वच्छतागृह व प्रकृती यांची काळजी घेण्याच्या कर्तव्यातून कंपनी सुटत नाही. स्वस्त दरात सेवा देणारी कंपनीही त्यास अपवाद नाही. तसेच दावे एका विशिष्ट शहरातच चालतील, हे तिकिटावरील कलम पुढे करून हैदराबादच्या लोकअदालतीचा अधिकार नाकारता येणार नाही, असेही न्यायालयाने ठरविले.

हाच विचार आपल्या शेजारच्या मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाच्या एका निर्णयात दिसून येतो. २७ जुलै २०२४ रोजी दुबईहून मुंबईस येणाऱ्या स्पाइसजेट कंपनीच्या विमानास चौदा तासांहून अधिक विलंब झाला. एवढ्या वेळात प्रवाशास एक बर्गर व थोडे फ्रेंच फ्राइज एवढेच देण्यात आल्याची तक्रार होती. तांत्रिक बिघाडाची सबब कंपनीने पुढे केली. बिघाड होऊ शकतो. पण बिघाड झाला म्हणून प्रवाशाच्या देखभालीची जबाबदारी संपत नाही, अशी भूमिका आयोगाने २०२५ मध्ये घेतली आणि ५०,००० रुपये भरपाई व ५,००० रुपये खर्च देण्याचा आदेश दिला. येथे पैसे मिळाले ते विमान उशिरा आले म्हणून नव्हेत, तर उशिराच्या काळात प्रवाशाची आबाळ झाली म्हणून, हे ध्यानात घेतले पाहिजे.

रेल्वेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी यास पूरक असे तत्त्व सांगितले. गाडी चार तास उशिरा जम्मूस पोहोचल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले होते. विलंब आपल्या नियंत्रणाबाहेरील कारणाने झाला, हे रेल्वेने सिद्ध केले पाहिजे. तसे ती करू शकली नाही, म्हणून ती जबाबदार आहे, असे न्यायालयाने म्हटले. सेवा देणाऱ्याने उशिराचे कारण सांगितले पाहिजे, हा त्याचा मथितार्थ होय.

परदेशी प्रवास

आंतरराष्ट्रीय प्रवासास १९७२ चा हवाई वहन कायदा व माँट्रियल करार लागू होतो. भारताने हा करार २००९ मध्ये स्वीकारला. विलंबामुळे प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीस कंपनी ठराविक मर्यादेपर्यंत जबाबदार आहे. मात्र नुकसान टाळण्यासाठी शक्य ते सर्व उपाय योजल्याचे तिने सिद्ध केल्यास ती सुटते. या कराराखालील दाव्याची मुदत दोन वर्षे आहे. सामान उशिरा मिळाल्यास ते हाती आल्यापासून २१ दिवसांत व सामान मोडले-फाटले असल्यास ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. आखातातून परतणाऱ्या कामगारांनी ही मुदत विशेषेकरून लक्षात ठेवावी, कारण सणासुदीच्या गडबडीत सात दिवस केव्हा सरतात हे कळतही नाही.

युरोपीय संघाची पद्धत आपल्याहून वेगळी आहे. तेथील २००४ च्या नियमानुसार व त्यावरील २००९ च्या न्यायनिर्णयानुसार विमान तीन तास वा अधिक उशिरा पोहोचले, तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो इतकी भरपाई प्रवाशास मागता येते. असामान्य परिस्थितीचा अपवाद तेथेही आहे. युरोपीय संघातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानास हा नियम लागू होतो. त्यामुळे फ्रँकफर्टहून मुंबईस भारतीय कंपनीच्या विमानाने येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यासही तो हक्क आहे. याउलट मुंबईहून तिकडे जाताना विमान युरोपीय कंपनीचे असेल तरच तो मिळतो.

पुरावा तेथल्या तेथे

दाव्याचे यश वक्तृत्वावर नव्हे, तर कागदावर अवलंबून असते आणि हा कागद विमानतळावरच गोळा करावा लागतो. तिकीट व बोर्डिंग पास जपून ठेवावा. कंपनीचे सर्व संदेश राखून ठेवावेत. वेळफलकाचे छायाचित्र घ्यावे. विलंबाचे कारण व कालावधी दर्शविणारे प्रमाणपत्र काउंटरवर लेखी मागावे. ते नाकारले गेले, तर मागणी ई-मेलने पाठवावी, म्हणजे नकाराचीही नोंद राहते. स्वखर्चाने जेवण, खोली वा टॅक्सी घ्यावी लागल्यास त्यांच्या पावत्या घ्याव्यात. पुढील प्रवास चुकला असेल, तर त्याचे तिकीट जोडावे. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर पुढील विमानाची जबाबदारी कंपनीवर टाकणे सोपे जाते; दोन स्वतंत्र तिकिटे असतील तर ते अवघड होते, हेही तिकीट काढतानाच ध्यानी ठेवावे.

या बाबतीत एक सुधारणा उल्लेखनीय आहे. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीस निघालेले विमान धुक्यामुळे मुंबईस वळविण्यात आले आणि कंटाळलेले प्रवासी विमानतळाच्या उघड्या आवारात, विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवू लागले. त्या घटनेची दखल घेऊन कंपनी व विमानतळ यांना दंड करण्यात आला. त्याच सुमारास, १५ जानेवारी २०२४ रोजी, महासंचालनालयाने कंपन्यांसाठी कार्यपद्धती जारी केली. विलंबाची खरी माहिती प्रवाशांस वेळोवेळी द्यावी व प्रवासी हक्कांच्या नियमांचा संदर्भ तिकिटावर छापावा, असे तीत सांगण्यात आले. हक्क तिकिटावर आला. तो वाचण्याचे काम आता प्रवाशाचे आहे.

दाद कोठे मागावी

प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. विमानतळावरील अधिकारी, त्यानंतर कंपनीचा तक्रार निवारणासाठी नेमलेला नोडल अधिकारी व त्यावरील अपील अधिकारी, असा हा क्रम असून त्यांची नावे व पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेले असतात. तक्रारीत उड्डाण क्रमांक, दिनांक, ठरलेली व प्रत्यक्ष वेळ, न मिळालेली सोय व मागणीची रक्कम एवढेच मोजक्या शब्दांत लिहावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेवर तक्रार नोंदवावी. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीही उपलब्ध आहे. अनेक तक्रारी येथेच मिटतात.

न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचे दार खुले आहे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने येथे मोठी सोय केली. १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रारदाराच्या राहत्या ठिकाणाचा आधार नव्हता. कंपनी जेथे व्यवसाय करते अथवा तक्रारीचे कारण जेथे घडते, तेथेच जावे लागे. नव्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो अथवा काम करतो, तेथील आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. म्हणजेच मीरा रोडच्या प्रवाशाचा त्रास दिल्लीस झाला असो वा दुबईस, त्याची तक्रार ठाणे जिल्हा आयोगाकडे चालू शकते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि दृकश्राव्य पद्धतीने सुनावणीची विनंती करता येते. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. आयोगाचा निर्णय मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. याखेरीज विमानसेवा ही लोकोपयोगी सेवा असल्याने स्थायी लोकअदालतीचा मार्गही उपलब्ध आहे.

लहान रकमेचे मोठे मोल

चार-पाच हजारांसाठी कोण एवढी यातायात करणार, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या ग्राहक चळवळीनेच दिले आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत उभी राहिली व १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदा येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. वजनमापातील तूट व भेसळ यांसारख्या किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींपासूनच ग्राहकाची जागृती सुरू झाली आणि १९८६ साली देशास ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. प्रत्येक लहान तक्रार ही पुढील शंभर प्रवाशांची सोय करीत असते. चौदा तासांत एक बर्गर देणाऱ्या कंपनीस ५५,००० रुपये मोजावे लागले, की पुढच्या विलंबाच्या वेळी भोजनाचा विचार आधी होतो.

तथापि, हक्काबरोबर विवेकही हवा. धुक्यात विमान थांबविणारा वैमानिक प्रवाशांचे प्राणच वाचवीत असतो, आणि काउंटरवर उभा असलेला तरुण कर्मचारी विलंबास कारणीभूत नसतो. त्याच्यावर आवाज चढविण्याने काही साधत नाही. त्याच्याकडून लेखी उत्तर घेतल्याने मात्र पुष्कळ साधते.

या कामी शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये मोलाची मदत करू शकतात. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन शाळाशाळांतून साजरा होतो. त्या दिवशी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून एखादे तिकीट वाचवून घ्यावे, त्यावरील मूळ भाडे व कर वेगळे काढवावेत, भरपाईचे गणित सोडवून घ्यावे व तक्रारीचा एक नमुना लिहवून घ्यावा. ज्या गावांतून तरुण परदेशी नोकरीस जातात, तेथील पंचायत सदस्यांनी तिकिटावर स्वतःचा मोबाइल क्रमांक, बोर्डिंग पास जपणे, सामानाच्या तक्रारीची सात व एकवीस दिवसांची मुदत आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत, या चार गोष्टी ग्रामसभेत समजावून सांगाव्यात. पंचायतीच्या फलकावर त्या चार ओळींत मावतात. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी त्या चार ओळी वाचल्या, तरी परक्या विमानतळावर तो मुलगा अगदीच निराधार राहणार नाही.